नलूकाकूंचं ऑफिस

नलूकाकूंनी आयुष्यात दोनच गोष्टी न बघता घेतल्या: नवरा आणि डोंबिवलीतला फ्लॅट. नवरा वडिलांनी ठरवला आणि फ्लॅट नवऱ्याने. "दोन्हींत उजेड जरा कमी आहे, पण गळती नाही," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. हे बापूकाकांच्या देखत चालायचं आणि बापूकाका पेपर खाली न करता मान डोलवायचे. या दोन खरेद्यांचा काकूंनी असा धसका घेतला होता की पुढे कोथिंबिरीची जुडीसुद्धा त्यांनी उलटीपालटी केल्याशिवाय पिशवीत टाकली नाही. आमच्या कोपऱ्यावरचा भाजीवाला त्यांना लांबून येताना बघूनच जुड्या सोडून ठेवायचा.

काकू लग्नं जमवायच्या. तो त्यांचा धंदा नव्हता, खोड होती. ठाण्यापासून कल्याणपर्यंत लग्नाचा मुलगा किंवा मुलगी असलेलं घर त्यांना माहीत नाही असं सहसा होत नसे. मी त्यांच्या समोरच्या दारात राहते. लहानपणी हे सगळं मी दाराच्या भिंगातून पाहिलं आणि मोठी झाल्यावर फार जवळून पाहिलं, कारण मीही लग्नाची झाले.

काकूंचं ऑफिस त्यांच्या ब्लाउजमध्ये होतं. डावीकडे एक कापडी पाकीट, त्यात सुटे पैसे आणि कपाटाची किल्ली. उजवीकडे मुलामुलींचे पासपोर्ट साइज फोटो, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, घामाने खराब होऊ नयेत म्हणून. रस्त्यात कुणी म्हणालं, "काकू, आमच्या प्रसादचं बघा की जरा," तर काकू तिथल्या तिथे पाठ वळवत, आत हात घालत आणि उभ्या उभ्या दोनतीन मुली दाखवत. मोबाइल आल्यावर तोही डावीकडे गेला. तो कायम व्हायब्रेटवर असायचा, त्यामुळे फोन आला की काकू आधी दचकायच्या आणि मग 'हॅलो' म्हणायच्या. निनादने, म्हणजे त्यांच्या मुलाने, त्यांना एक चांगली चामड्याची पर्स आणून दिली होती. तिच्यात काकू ओवा ठेवत.

स्थळ बघायला गेलं की काकू पहिल्यांदा बाथरूम कुठे आहे ते विचारत. "दिवाणखाना पाहुण्यांसाठी आवरलेला असतो. खरं घर बाथरूममध्ये कळतं," असं त्यांचं म्हणणं. एकदा ठाण्यातल्या एका मोठ्या घरात त्या बाथरूममधून बाहेर आल्या त्या थेट चपला घालायला लागल्या. मुलीच्या आईबापांना काही कळेना. खाली रिक्षात बसल्यावर काकूंनी खुलासा केला. तिशी उलटलेल्या मुलाच्या टूथब्रशवर त्याच्या आईने पेस्ट लावून ठेवली होती. "उद्या ही मुलगी आजारी पडली तर तो पेस्ट कोण लावणार म्हणून रडेल," काकू म्हणाल्या. दुसरी परीक्षा अशी की त्या घरातली माणसं कामवाल्या बाईशी कशी बोलतात ते बघायचं. तिच्यापुढे पगार, पदवी, पत्रिका सगळं फिकं.

आणि निकाल त्या तोंडाने कधी सांगत नसत. स्थळ पसंत असलं तर पुढ्यात आलेलं सगळं संपवून बशी बोटाने निपटून ठेवायच्या. पसंत नसलं तर गोडाला हात लावायचा नाही. लोक मुलाकडे बघायचं सोडून काकूंच्या बशीकडे बघत बसायचे.

पण त्यांची खरी करामत स्वयंपाकघरात असायची. पोहे संपत आले की त्या मुलीला म्हणायच्या, "चल गं, पाणी आणू." आत नेऊन नळ सोडायचा, म्हणजे बाहेर ऐकू जात नाही, आणि विचारायचं, "तुझ्या आईला काय हवंय ते मला माहीत आहे. तुला काय हवंय?"

मलाही त्यांनी असंच आत नेलं होतं. बाहेर कल्याणचा एक मुलगा आईबापांसकट बसला होता. मी म्हटलं, "काकू, मला आत्ता लग्नच नकोय. मला बँकेच्या परीक्षेला बसायचंय." काकूंनी नळ बंद केला, बाहेर गेल्या, शिऱ्याची बशी दूर सारली आणि मुलाच्या आईला अगदी मायेने सांगितलं, "मुलगी गुणाची आहे हो. फक्त घोरते. आम्हाला समोरच्या दारात ऐकू येतं." ती मंडळी शिरा अर्धवट टाकून उठली. माझी आई पुढे कितीतरी दिवस काकूंशी बोलत नव्हती आणि माझं घोरणं कल्याणपर्यंत पोहोचलं ते आजतागायत तिथेच आहे. पण मी परीक्षा दिली, बँकेत लागले, आणि पुढेही लग्न केलं नाही ते माझ्या मर्जीने. काकूंचे हे उपकार मी कधी विसरणार नाही. त्यांच्या निनादने मात्र स्वतःच मुलगी ठरवून आणली. काकूंनी केतकीलाही रीतसर स्वयंपाकघरात नेऊन विचारलं होतं, "तुला नक्की हाच हवाय का?"

तर अशा या काकू. त्यांची पासष्टी उलटल्यावरची गोष्ट. एका सकाळी कपाटाची किल्ली टोचते म्हणून ती सरकवायला त्यांनी आत हात घातला. किल्ली सरकली, पण तिच्याखाली हाताला आणखी काहीतरी लागलं, ते काही सरकेना. त्यांनी माझी बेल वाजवली.

"अनघे, जरा ये. ऑफिसात काहीतरी गडबड आहे."

मग मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली, सुई घालून तुकडा काढून तपासायला गेला. रिपोर्ट आणायला मीच गेले होते. स्तनाचा कॅन्सर होता. काकूंनी तो कागद चष्मा लावून सावकाश वाचला आणि म्हणाल्या, "इंग्रजी चांगलं आहे." मला रडू आलं. मी रडतेय म्हणून काकूंनी उठून मला चहा करून दिला. स्वतःच्या कपात साखर घालायला त्या विसरल्या असं मला तेव्हा वाटलं.

आमच्या बिल्डिंगमध्ये बातमी लपत नाही. दुसऱ्या दिवसापासून स्थळं यायला लागली. हा शब्द काकूंचाच. सोसायटीचे सेक्रेटरी टिटवाळ्याचं स्थळ घेऊन आले. तिथे म्हणे एक बाबा पावडर देतात, ती दुधातून घ्यायची, गाठ विरघळून जाते.

"पावडरीत काय असतं?" काकूंनी विचारलं.

"ते सांगत नाहीत."

"मुलगा काय करतो विचारलं की घरचे नुसतंच 'बिझनेस' म्हणतात, त्यातलं दिसतंय. नको हो."

केतकीने गरम पाण्यात लिंबू पिळण्याचे व्हिडिओ पाठवले. काकू म्हणाल्या, लिंबू चांगलंच असतं, आमटीत घालीन. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी एक मंत्र दिला. काकूंनी तो घेतला, कारण त्या बाईंची भाची लग्नाची होती.

आणि मग विमलआत्या आल्या. विमलआत्या म्हणजे बापूकाकांच्या थोरल्या बहीण, राहणार कल्याण, आवाज डोंबिवलीपर्यंत. त्यांनी चप्पल काढता काढताच निकाल दिला. "या वयात काय करायचंय ते ठेवून? सगळं काढून टाकायचं आणि मोकळं व्हायचं." निनादचं म्हणणं, ऑपरेशन कसलं करायचं ते नंतर बघू, आधी सगळ्यात मोठं हॉस्पिटल गाठू. केतकीने कुठेतरी वाचलं होतं की हल्ली काढत नाहीत. तिघं काकूंच्या डोक्यावरून एकमेकांशी भांडत होती, काकू मधे बसून शेंगा सोलत होत्या आणि बापूकाका पेपरामागे होते. इतक्या मुलींची लग्नं मी त्या घरात ठरताना पाहिली, पण नवऱ्यामुलीला विचारायचं राहून गेलं असं पहिल्यांदाच पाहत होते.

ठाण्याच्या डॉक्टरांचं नाव मीच सुचवलं होतं. माझ्या बँकेतल्या मैत्रिणीचं ऑपरेशन त्यांनी केलं होतं. ठरलेल्या दिवशी सगळी वरात निघाली. काकूंच्या हातात पोह्यांचा डबा होता.

"काकू, दवाखान्यात पोहे?"

"बघायला आपण चाललोय, पण मुलगीही आपलीच आहे. मग पोहे आपणच न्यायला हवेत."

रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, पेशंटबरोबर एकच माणूस. विमलआत्या म्हणाल्या, आम्ही एकच घर आहोत. या गोंधळात काकू बाथरूम बघून आल्या. "बादली आहे, मग आहे, कडी लागते," त्यांनी मला हळूच सांगितलं. मग बराच वेळ त्या फरशी पुसणाऱ्या मावशींकडे बघत बसल्या. आतून डॉक्टर बाहेर आल्या, मावशींना म्हणाल्या, "मावशी, गुडघा कसा आहे? बसून करा." काकूंनी माझ्या दंडाला चिमटा काढला.

डॉक्टर तरुण होत्या, कळव्याकडच्या आगरी घरातल्या, बोलण्यात मधूनच गावचा हेल यायचा. काकूंनी डबा पुढे केला. त्या आधी जरा गोंधळल्या, मग त्यांनी खरोखरच दोन चमचे पोहे खाल्ले.

"मीठ कमी हाय काकू."

"हो, आज लक्ष नव्हतं," काकू म्हणाल्या. त्यांच्या पोह्यांना नाव ठेवणारं माणूस मी प्रथमच बघत होते. डॉक्टरांनी मग स्वतःचा डबा उघडून आईने दिलेला रव्याचा लाडू एका बशीत काकूंसमोर ठेवला. "गोड माणसाला गोड," असं काहीतरी म्हणाल्या आणि रिपोर्ट वाचायला लागल्या.

त्यांनी जे सांगितलं ते अगदी साधं होतं. गाठ लहान आहे, लवकर सापडली आहे. दोन रस्ते आहेत. एक, गाठ आणि तिच्या भोवतालचा थोडा भाग काढायचा, बाकी स्तन ठेवायचा आणि मग काही आठवडे रेडिएशन घ्यायचं. दुसरा, पूर्ण स्तन काढायचा, म्हणजे बहुतेक रेडिएशन लागणार नाही. काखेतल्या गाठी दोन्ही वेळा तपासायच्या. गोळ्या घ्याव्या लागतील, केमो लागेल की नाही ते ऑपरेशननंतरच्या तपासण्यांवरून ठरेल. "काकूंच्या बाबतीत जगण्याच्या दृष्टीने दोन्ही रस्ते सारखेच आहेत. म्हणून निवडायचं काकूंनी," त्या म्हणाल्या.

"मोबाइल तिथे ठेवायची ना, म्हणून झालं हे," विमलआत्या म्हणाल्या.

"त्यानं होतं असं काही दिसलेलं नाही, आत्या."

"शंभर टक्के बरं होईल ना पण?" निनादने विचारलं.

"शंभर टक्के मी कशालाच म्हणत नाही. चांगलं होईल असं मला वाटतं. का वाटतं ते हवं तर पुन्हा सांगते."

निनादचा चेहरा पडला. त्याला शंभरच हवे होते, लहानपणापासून त्याचं तसंच आहे. विमलआत्यांनी पुन्हा 'या वयात' सुरू केलं, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या की आता तपासायचं आहे, सगळ्यांनी बाहेर थांबा. सगळे उठले. माझा दंड काकूंच्या हातात होता आणि तो त्या सोडेनात, म्हणून मी पडद्याच्या अलीकडे उभी राहिले. पलीकडे डॉक्टरांनी हात धुवायला नळ सोडला. नळाच्या आवाजातून त्यांचं बोलणं ऐकू आलं.

"काकू, बाहेरच्यांना काय हवंय ते कळलं मला. तुम्हाला काय हवंय?"

मग काकूंचा आवाज आला, अगदी बारीक.

"थांब हं जरा. हे मला कुणी विचारलं नव्हतं. विचार करून सांगते."

"करा की. थोडे दिवस घ्या. पण महिने घालवू नका."

बाहेर आलो तर विमलआत्या दाराच्या फटीतून टेबलाकडे बघत होत्या. बशीतला लाडू होता तसा होता. "चला," त्या निनादला म्हणाल्या, "नकार आहे." निनादलाही पटलं. लहानपणापासून त्याने आईच्या बशा पाहिलेल्या. काकूंनी काही खुलासा केला नाही. परतताना त्या वाटभर बाहेर बघत बसल्या होत्या.

मग ती दोघं जोरात कामाला लागली. एक चकचकीत हॉस्पिटल शोधलं, तिथे वेळ घेतली, सगळं काढून टाकायचं ऑपरेशन जवळजवळ ठरवूनच टाकलं. त्या दिवसांत मी संध्याकाळी बँकेतून आले की काकू गॅलरीत दिसायच्या. एकदा मी विचारलं, "काकू, ठाण्याच्या डॉक्टर तुम्हाला खरंच नाही आवडल्या?"

"आवडली की. मीठ कमी आहे म्हणाली तेव्हाच आवडली."

"मग सांगत का नाही यांना?"

"यांना तिकडे गुंतू दे. मला इकडे विचार करायला शांतता मिळते." मग म्हणाल्या, "मला भीती वाटते गं अनघे. खूप वाटते. सगळं काढलं तर भीतीपण जाईल का, याचा विचार करतेय. की भीती राहील आणि तेवढंच जाईल?"

मी त्यांचा हात धरला. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "तुझ्या बँकेत तो नवीन आलाय त्याचं लग्न झालंय का?"

चकचकीत हॉस्पिटलात लॉबीत कारंजं होतं. टाय लावलेल्या एका माणसाने आमचं स्वागत केलं आणि 'पॅकेज' समजावून सांगितलं, सहल कंपनीवाले सांगतात तसं. बाथरूममध्ये अत्तराचा वास होता. "पण पुसणाऱ्या मुलीला तो टायवाला 'ए' म्हणाला," काकूंनी परत येऊन रिपोर्ट दिला. मोठे डॉक्टर खरंच मोठे असावेत, भिंतीवर पुष्कळ सर्टिफिकेटं होती. त्यांनी फाइल चाळली आणि निनादला विचारलं, "पेशंटचं वय काय?" पेशंट समोर बसली होती. निनादने सांगितलं. "मग काही प्रश्नच नाही. पूर्ण काढू. यू डोंट वरी," असं ते निनादला म्हणाले. निनादच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्याने पुन्हा शंभर टक्क्यांचं विचारलं आणि ते त्याला मिळाले. काकू माझ्या कानात पुटपुटल्या, "मुलीशी न बोलता तिच्या बापाशीच बोलणारा मुलगा आहे हा."

नंतर लॉबीत सगळ्यांसाठी कॉफी आणि पेस्ट्री आली. सगळ्यांच्या नजरा सवयीने काकूंच्या बशीकडे वळल्या. काकूंनी पेस्ट्री उचलली आणि केतकीच्या बशीत ठेवली.

विमलआत्यांची कॉफी घशात अडकली. "आता हे काय? ठाण्यालाही नकार, इथेही नकार? मग तुला स्वर्गातलं स्थळ हवंय का नलू?"

"आई, असं किती ठिकाणी नाही म्हणणार तू?" निनाद रडकुंडीला आला होता.

तेवढ्यात पेपर घडी करायचा आवाज आला. बापूकाकांनी हॉस्पिटलातही कुठूनतरी पेपर मिळवला होता. तो त्यांनी नीट चौपदरी घडी करून टेबलावर ठेवला. त्यांचा चेहरा असा पूर्ण बघायची आम्हाला फारशी सवय नव्हती.

"तिने गोड सोडलंय," ते म्हणाले. "रिपोर्ट आला त्या दिवसापासून. चहासुद्धा बिनसाखरेचा पिते. टिटवाळ्याच्या गणपतीला नवस बोललीये, हे सगळं निभेपर्यंत गोड खाणार नाही म्हणून."

आम्ही सगळे काकूंकडे बघायला लागलो. नवस करणाऱ्या मुलींच्या आयांना 'नवसाने स्थळं येत नसतात, फोन फिरवावे लागतात' असं सुनावणाऱ्या काकू त्या वेळी शाळेतल्या मुलीसारख्या लाजल्या.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही. साखरेचा डबा भरायला मी जातो ना." बापूकाका काकूंकडे वळले. "अगं, पण तुला काय हवंय?"

कारंजं चालू होतं, त्यामुळे आमच्यापलीकडे कुणाला ऐकू गेलं नाही. काकूंनी पदर सावरला. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज नेहमीचा होता.

"मला माझं ऑफिस ठेवायचंय. या वयात काय करायचंय म्हणून सगळे विचारताहेत. मी काही रिटायर झालेली नाहीये. रोज ठाण्याला जाऊन रेडिएशन घ्यावं लागेल, घेईन. पुन्हा काही निघालं आणि ती मुलगी म्हणाली की आता काढायलाच हवं, तर तेव्हा काढीन. पण आत्ता दोन्ही सारखंच असेल तर मला ठेवायचंय. आणि मला तीच मुलगी हवीय."

"कसलं ऑफिस?" केतकीने मला विचारलं.

बापूकाका मात्र हसायला लागले. चाळीसएक वर्षं बसच्या तिकिटाचे पैसे आणि कपाटाची किल्ली याच ऑफिसातून निघताना त्यांनी पाहिली होती. इतके हसले की टायवाला माणूस पाणी घेऊन धावत आला. विमलआत्या म्हणाल्या, "दोघंही वेडी झालीत," आणि त्यांनी काकूंची पेस्ट्री केतकीच्या बशीतून उचलून खाऊन टाकली.

ऑपरेशन ठाण्याला झालं. रिपोर्ट चांगले आले, काखेतल्या गाठींत काही निघालं नाही, केमो लागणार नाही असं ठरलं. काही वर्षं रोज एक गोळी घ्यायची होती. रेडिएशनचे आठवडे काकू ठाण्यातच बाळकुमला निनादकडे राहिल्या, तिथून जवळ पडायचं म्हणून. त्या दिवसांत कातडी लालसर आणि हुळहुळी झालेली, तिथे काही ठेवायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद होती. काकूंनी सगळं ऑफिस उजव्या बाजूला हलवलं. पाकीट, किल्ली, फोन, फोटो, सगळं एकाच ठिकाणी आल्याने गोंधळ व्हायचा, एकदा लिफ्टच्या दारात वॉचमनने पास मागितला तर त्यांनी त्याला एका इंजिनिअरचा फोटो दाखवला. थकायच्या खूप. दुपारी तीनतीन तास झोपायच्या. पण निनादच्या त्या उंच टॉवरमध्ये वर्षानुवर्षं शेजाऱ्याचं नाव माहीत नसलेली माणसं काकू येऊन गेल्यावर एकमेकांच्या मुलांच्या पत्रिका मागू लागली.

एकदा मी बरोबर असताना दवाखान्यात त्यांना कल्याणची एक शाळामास्तरीण भेटली. तिचंही हेच दुखणं होतं. नवरा म्हणत होता ठेवायचं, सासू म्हणत होती ठेवायचं. काकूंनी तिला म्हटलं, "चल गं, पाणी आणू," आणि कूलरपाशी नेलं. ती रडत म्हणाली की तिला काढून टाकायचंय, राहिलं तर रोज रात्री हात तिथेच जाईल आणि झोप लागणार नाही. काकू परत येऊन तिच्या नवऱ्याशेजारी बसल्या. मला वाटलं त्या याही बाईला घोरायला लावतात की काय. पण त्यांनी सरळ सांगितलं, "तिला शांत झोपायचंय. तिचं ऐका." स्वतःसाठी निवडलं तेच दुसरीने निवडावं असा आग्रह काकूंनी लग्नातही कधी धरला नव्हता.

रेडिएशन संपलं त्या आठवड्यात बापूकाका आणि काकू टिटवाळ्याला जाऊन आले. नंतरच्या तपासणीला काकूंबरोबर मीच होते. डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाल्या, फाइल मिटली. काकू उठेनात.

"काय राहिलं का काकू?"

"त्या दिवशीचा लाडू राहिलाय माझा."

डॉक्टरांना कळायला वेळ लागला. मग त्या इतक्या हसल्या की मावशी डोकावून गेल्या. लाडू काही त्या दिवशी नव्हता, डब्यात गुळाची पोळी होती. काकूंनी ती चवीने, सावकाश, तुकडा तुकडा करून खाल्ली आणि बशी बोटाने निपटून टेबलावर ठेवली. ती रिकामी बशी बघून मला मोठ्याने रडावंसं वाटत होतं. कितीतरी महिन्यांनी काकूंनी स्थळ पसंत केलं होतं आणि ते कळलेली तिथे मी एकटीच होते.

पुढच्या वर्षी काकू आणि बापूकाका अलिबागेकडच्या त्यांच्या गावी राहायला गेली. डोंबिवलीतला फ्लॅट भाड्याने दिला, तो घेणाऱ्यांना आधी बाथरूम दाखवून. तपासणीला मात्र काकू ठरल्या वेळी ठाण्याला येतात. मागच्या खेपेला तपासणीनंतर मी त्यांना खोपटच्या एसटी स्टँडवर सोडायला गेले होते. बापूकाकांनी पुढे जाऊन जागा धरून ठेवली होती आणि पेपर उघडला होता. काकू खिडकीत बसल्या, मला म्हणाल्या, "तुझ्या मनात कधी आलं तर सांग हो. माझ्याकडे एक बिजवर आहे, तोही घोरतो."

मी खाली उभी होते. कंडक्टर तिकिटं देत देत त्यांच्या सीटपाशी आला. काकूंनी डावीकडे हात घातला. बिचारा घाईघाईने दुसरीकडे बघायला लागला. काकूंनी पाकीट काढलं, सुटे पैसे त्याच्या हातावर ठेवले, पाकीट परत डावीकडे जागच्या जागी ठेवलं आणि त्याला काहीतरी विचारलं. पोरगा तरुण होता, लाजून हसला, त्याने मानेने 'नाही' म्हटलं. ड्रायव्हरने गाडी सुरू केली तेव्हा काकूंचा हात उजवीकडे, फोटोंच्या पिशवीकडे गेलेला होता.